बोर्डावरची विठाबाई

सोलापूर जिल्ह्याचा लौकिक बाहेरच्या मुलखात गिरण्यांचा, चादरींचा, ज्वारीचा आणि विठोबाचा. परंतु पावसाची वाट पाहण्यात आयुष्य घालविणाऱ्या या कोरड्या प्रदेशाने मराठी तमाशालाही असे दोन कलावंत दिले, की ज्यांची नावे वगळून त्या कलेचा इतिहास लिहिण्याचे धाडस कोणी करू नये. त्यांपैकी पहिला रामजोशी. उत्तर पेशवाईत सोलापुरातील पुराणिकांच्या घराण्यात जन्मलेला हा बुद्धिमान पुरुष घरची पोथी बाजूस सारून डफ-तुणतुण्याच्या नादी लागला, वडील बंधूंच्या रोषास पात्र होऊन घराबाहेर पडला, पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे रीतसर अध्ययन केले, आणि ती सारी विद्या बरोबर घेऊन तो पुन्हा फडावरच उभा राहिला. त्याच्या आयुष्यावर व्ही. शांताराम यांनी १९४७ साली बोलपट काढला, तेव्हापासून रामजोशी हे नाव सुशिक्षितांच्या दिवाणखान्यातही निःसंकोच उच्चारले जाऊ लागले. दुसरे नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे. त्यांनी नावापुढे लाविले ते गाव पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, घराण्याच्या फडाचे. पण त्यांचा जन्म जुलै १९३५ मध्ये झाला तो पंढरपुरात.

विठाबाईंची एक कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ती कथा खरी आहे, थोर आहे, आणि तिच्याकडे पुढे यावयाचेच आहे. परंतु गेली कित्येक वर्षे त्या एका कथेच्या सावलीत या स्त्रीची कला झाकली गेली आहे, अशी माझी तक्रार आहे. विठाबाई सोशीक होत्या, कणखर होत्या, हे सांगताना आपला कंठ दाटून येतो. मात्र त्या रंगभूमीवरील एक प्रथम श्रेणीच्या अभिनेत्री होत्या, गाणे, नाच आणि भाषण या तिन्ही अंगांवर एकाच रात्रीत हुकमत चालविणाऱ्या होत्या, हे सांगावयास आपण विसरतो. नाट्येतिहासाच्या ग्रंथांत संगीत नाटकाच्या गायिका-नटींना जे स्थान सहज मिळते, ते फडावरच्या स्त्रीला मिळत नाही. तिची नोंद लोककलेच्या वेगळ्या प्रकरणात होते आणि तिच्या अभिनयाची चिकित्सा करण्याची तसदी कोणी घेत नाही.

ज्या पंढरपुरात ही मुलगी जन्मास आली, त्या पंढरपुराचा तेव्हाचा दरवाजा तिला बंद होता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या विठ्ठलाचे नाव तिच्या नावात होते, त्याच्या पायावर डोके ठेवण्याची मुभा मांगाच्या लेकराला नव्हती. नामदेवांच्या पायरीसमोर, महाद्वाराबाहेर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांपासून चालत आलेली ती सीमा १९३५ साली जशीच्या तशी उभी होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॉ. आंबेडकरांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली, आणि पुढे मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा कुठे मंदिराची कवाडे सर्वांस खुली करण्याचा निर्णय झाला. विठाबाईंचे तेव्हा बारावे वर्ष चालू होते. एव्हाना बोर्डावर त्यांची पावले पडू लागली होती, आणि प्रत्येक प्रयोगात गणानंतर जी गवळण उभी राहते, तिच्यात कृष्णाला आळविण्याचे काम याच मुलींकडे असे. गाभाऱ्यात ज्यांना प्रवेश नाही त्यांनीच रात्र रात्र जागून गावोगाव देवाची गाणी म्हणावीत, ही आपल्या समाजाची रीत होती. आणि तिच्याविषयी बोलताना आजही संकोच वाटला पाहिजे.

घराणे कलावंतांचे. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभारला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या जोडीने तो नावारूपास आणला, आणि ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हे नाव कानावर आले की यात्रेकरू बैलगाड्या जुंपून दहा-दहा कोसांवरून येऊ लागले. अशा घरात मुलीला शाळेची गोडी लागली नाही, यात नवल नाही. तिची तालीम कनातीच्या आत झाली. लावणी, गवळण, भेदिक यांच्या चाली ती ऐकून ऐकून शिकली. ढोलकीच्या बोलावर पाऊल टाकणे ती चालावयास शिकली त्याच सुमारास शिकली असेल. फडातील मूल कलावंतांच्या कडेवर वाढते, कपड्यांच्या पेटीवर झोपते, आणि एखाद्या रात्री कोणी आजारी पडले की त्याला तोंडाला रंग लावून उभे केले जाते. त्या शिक्षणाला प्रशस्तिपत्रक नसते, पण त्यात चुकीची क्षमाही नसते.

तमाशाला स्त्री मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. त्यापूर्वी ‘नाच्या पोऱ्या’ लुगडे नेसून उभा राहत असे. पठ्ठे बापूरावांच्या जोडीने पवळाबाई बोर्डावर आल्या आणि हा प्रघात मोडला. मराठी नाटकात बालगंधर्वांच्या स्त्रीरूपाने सारा महाराष्ट्र मोहून गेला असताना, आणि १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळ्यांसारख्या स्त्रियांनी भूमिका केल्या ही घटना क्रांतिकारक म्हणून नोंदली जात असताना, खेडोपाडी तमाशाच्या फडावर स्त्रिया कित्येक वर्षे अभिनय करीत होत्या. त्यांची नोंद झाली नाही, कारण त्या कुलीन घरातल्या नव्हत्या. ज्या धैर्याचे कौतुक एकीच्या वाट्याला आले, त्याच धैर्याचा दुसरीच्या कपाळी डाग झाला.

ढोलकीच्या फडाचा तमाशा आणि संगीत बारी यांत फरक आहे, आणि सोलापूर जिल्ह्याच्या वाचकास तो सांगण्याची गरज पडू नये. मोडनिंबला पुणे-सोलापूर रस्त्यावर कलाकेंद्रे आहेत. तिथे बारी चालते, म्हणजे लावणीचे गायन, नृत्य आणि अदाकारी हेच तिचे सर्वस्व. अकलूजला मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने भरू लागलेल्या लावणी स्पर्धेने या बारीच्या कलावंतांना मोठे व्यासपीठ मिळवून दिले, ते काम मोलाचे आहे. फडाचे जग याहून निराळे. फड हिंडता, त्याच्याबरोबर तंबू, कनाती, राहुट्या, माणसे, त्यांची पोरेबाळे, चुलीची भांडी असा सारा संसार हिंडतो. दसऱ्याला तो बाहेर पडतो आणि गावोगावच्या यात्रा संपेपर्यंत घरी परतत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात सर्व फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच, यात्रा कमिटीचे लोक तिथे येऊन कोणत्या तिथीला कोणता फड न्यावयाचा याची सुपारी ठरवितात, आकड्यावरून घासाघीस होते, करार होतो, आणि त्या कागदावर शंभर-दीडशे माणसांची वर्षाची भाकर अवलंबून असते. आणि या फडाचा कळस म्हणजे वग, म्हणजेच नाटक.

प्रयोगाच्या रात्री काय घडते ते जवळून पाहावे. दिवस मावळल्यावर शेकोटीवर हलगी धरली जाते; कातडे तापून ताठ झाले की तिचा कडकडाट गावाच्या वेशीपर्यंत जातो, आणि तीच जाहिरात. ढोलकीवाला दोरीच्या कड्या सरकवून शाई सुरात आणतो. सुरत्ये तुणतुणे आणि कडे घेऊन मागे उभे राहतात, झील धरण्याची जबाबदारी त्यांची. आत कनातीआड बायका नऊवारीचा काष्टा घट्ट ओढून पायांत चाळ बांधीत असतात. ते चाळ एवढे जड असतात, की नवख्या मुलीच्या घोट्याला पहिल्या महिन्यात जखमा व्हाव्यात. गण होतो. मग गवळण, तिच्यात मावशी आणि पेंद्या यांचा थट्टेचा संवाद. मग बतावणी, लावण्या, फर्माइशी, दौलतजादा. आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर, जेव्हा निम्मे प्रेक्षक पेंगुळलेले असतात, तेव्हा वग सुरू होतो. जी स्त्री दोन-तीन तास नाचली, जिने गळा मोकळा सोडून लावण्या म्हटल्या, तीच आता राणी म्हणून, गांजलेली सून म्हणून किंवा बंडखोराची बायको म्हणून उभी राहते आणि पहाटेपर्यंत मैदान जागते ठेवते. ध्वनिक्षेपक आला तो नंतर. आरंभीच्या काळात आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचवावयाचा तो छातीच्या बळावर.

१८६५ च्या सुमारास उमा-बाबू सावळजकरांनी ‘मोहना-बटाव’ हा वग रचला, तेव्हापासून वगाची एक रीत ठरत गेली: कथानक पक्के, पद्ये पक्की, पण भाषण बरेचसे उत्स्फूर्त. नाटकातील नटीपाशी लेखकाची वाक्ये असतात. वगातील नटीला वाक्य त्या क्षणी घडवावे लागते, आणि तेही सोंगाड्या समोरून कोणता चेंडू टाकील हे ठाऊक नसताना. सोंगाड्याने हशा घेतल्यावर त्याच मैदानातून दोन वाक्यांत करुणरस उभा करावयाचा, याला जी शक्ती लागते ती केवळ गोड गळ्याने येत नाही. विठाबाईंपाशी ती होती. त्यांच्या लावणीवर लोक खूष होते हे खरे, परंतु लावणीवर खूष होऊन माणूस मध्यरात्री घरी जाऊ शकतो. त्यांचा प्रेक्षक उजाडेपर्यंत हलत नसे, तो वगासाठी.

त्यांच्या उमेदीच्या काळातच सरकारची मर्जी फिरली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंदी घातली. हजारो कलावंतांच्या चुली एका हुकुमाने थंडावल्या. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमली गेली, वगाची संहिता आधी दाखवून मंजूर करून घेण्याची तजवीज झाली, परवाने आले, आणि तमाशा पुन्हा उभा राहिला. या व्यवस्थेने काही द्व्यर्थी भाषण गेले त्याचे दुःख नको. पण जी कला क्षणाक्षणाला बोर्डावर जन्मते तिला कागदावर बांधून दप्तरात नोंदविणे म्हणजे काय, हे त्या निर्णयकर्त्यांच्या पुरते ध्यानात आले होते असे वाटत नाही. या कसोटीतून बाहेर पडलेल्या पिढीत विठाबाई अग्रभागी होत्या, आणि १९५७ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, राष्ट्रपतींकडून त्यांचा गौरव झाला. ज्या कलेला नऊ-दहा वर्षांपूर्वी सरकारने बाहेर काढिले होते, तिलाच दिल्लीत मानाचा पाट मिळाला.

पुढील काळात शहरी रंगभूमीने तमाशाकडून मुक्तहस्ताने उसनवारी केली. वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ साली आले आणि दादा कोंडक्यांनी ते गाजविले. पंढरपुरातच जन्मलेल्या जब्बार पटेलांनी १९७२ मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ दिग्दर्शित केले, त्यात लोकनाट्याच्या अनेक रीतींना नवे सामर्थ्य मिळाले. हे सारे अभिमानास्पद आहे. चित्रपटाचेही तेच: ‘सांगत्ये ऐका’ हा तमाशापट १९५९ पासून पुण्यात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला, आणि कुटुंबेच्या कुटुंबे तो पाहून आली. त्याच कुटुंबांना गावाबाहेरच्या माळावरील खऱ्या तंबूत पाऊल टाकणे मात्र अप्रतिष्ठेचे वाटे. गण घेतला, गवळण घेतली, मावशी घेतली, सोंगाड्या घेतला. ज्या स्त्रियांनी हे सारे आपल्या देहावर वागवून जिवंत ठेविले, त्यांना तेवढे बाहेर उभे केले.

आता ती कथा. विठाबाईंना नववा महिना लागला होता आणि फड चालू होता. सुपारी घेतलेली, तिकिटे विकलेली, मुख्य स्त्री बोर्डावर नाही म्हणजे प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही म्हणजे साऱ्या फडाची उपासमार. नाचता नाचता कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, कनातीआड बाळंत झाल्या, हाताशी शस्त्र नव्हते म्हणून दगडाने नाळ तोडली, लुगडे आवळून बांधले आणि पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांनी पाहिले, मघाशी भरलेले पोट आता रिते आहे. त्यांना काय घडले ते उमगले, त्यांनी हात जोडले, आता नाचू नका म्हणून विनविले, आणि खेळ तिथे थांबला.

ही कथा सांगणारा बहुधा इथे थांबतो आणि त्यागाचे स्तोत्र गातो. मला त्या रात्रीच्या जमाखर्चाविषयी विचारावेसे वाटते. बाळंतिणीने बोर्डावर परत का जावे? तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी नटी फडापाशी का नव्हती. प्रयोग मोडला तर भरपाईचा बोजा कोणाच्या शिरी होता. उचल घेऊन बांधून घेतलेली माणसे, सावकाराचे व्याज, तंबूचे भाडे, गाड्यांचे भाडे, या साऱ्याच्या खाली एक बाई दबलेली होती. तिच्या धैर्याला वंदन करावेच. परंतु ज्या व्यवस्थेने तिला ते धैर्य दाखविण्यास भाग पाडिले, तिला त्या वंदनात सूट मिळू नये. आणि दुसरी गोष्ट अशी, की त्या रात्री मैदानातील अडाणी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शेतकरी-मजुरांनी पैसे देऊन घेतलेला खेळ आपण होऊन थांबविला. तमाशाच्या प्रेक्षकाविषयी जे अनुदार लिहिले जाते, त्यासमोर हा प्रसंग ठेवावा.

१९६२ च्या चिनी आक्रमणाच्या दिवसांत विठाबाई फड घेऊन थेट नेफाच्या आघाडीकडे गेल्या आणि जवानांसमोर त्यांनी खेळ केले. सातारा, सोलापूर, अहमदनगरच्या गावांतून भरती झालेला एखादा शिपाई त्या बर्फाळ मुलखात ढोलकीचा बोल ऐकून काय झाला असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. पांढरपेशा रंगभूमीच्या इतिहासात असा दौरा झाला असता तर त्याच्यावर पुस्तके निघाली असती.

नंतरची वर्षे उताराची. स्वतःच्या नावाने फड चालविणे म्हणजे बोर्डावर नटी आणि कनातीत मालकीण अशी दुहेरी नोकरी. दिवसा सावकारांशी आणि पंचांशी बोलावयाचे, रात्री राणी व्हावयाचे. हळूहळू प्रेक्षकाची आवड पालटली. गावोगाव चित्रपट पोहोचला, मग व्हिडिओ, मग दूरदर्शन. गणगवळणीच्या जागी लोक चित्रपटातील गाण्यांची फर्माइश करू लागले आणि वग आखडत गेला. १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून पुन्हा सन्मान झाला. दोन वेळा दिल्लीने गौरविलेली ही कलावती म्हातारपणी अन्नवस्त्राच्या विवंचनेत राहिली, आजाराने खंगली, आणि १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तली, तेव्हा रुग्णालयाची देणी देण्यासाठी लोकांना वर्गणी जमवावी लागली. गिरणीतील साचेवाल्याला भविष्यनिर्वाह निधी होता, शिक्षकाला निवृत्तिवेतन होते. जिने तीन पिढ्यांच्या रात्री उजळल्या, तिच्या नावे कोणत्याही खात्यात दमडी शिल्लक नव्हती. आज वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. ती अपुरी असेल, तिचे कागद फिरण्यास विलंब लागत असेल, पण ती राबविताना प्रत्येक अधिकाऱ्याने विठाबाईंच्या अखेरच्या दिवसांचे स्मरण ठेवावे.

सोलापूर शहरात जन्मलेल्या फैय्याज या ‘कट्यार काळजात घुसली’तील झरीनेच्या भूमिकेने सर्वतोमुखी झाल्या आणि २०१५ मध्ये बेळगावच्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी विराजमान झाल्या. लावणीपासून नाट्यपदापर्यंत कोणतेही गाणे भूमिकेच्या मुखातून आल्यासारखे वाटावे, ही त्यांची सिद्धी. त्यांचा तो मान सर्वस्वी योग्य होता. माझे म्हणणे एवढेच, की सोलापूर जिल्ह्याच्या रंगकर्मींची यादी कोणी करू लागेल, तेव्हा फैय्याज यांच्या ओळीतच विठाबाईंचे नाव लिहावे. खाली ‘लोककला’ असा निराळा मथळा घालून नव्हे. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाची तिसरी घंटा ऐकणाऱ्या रसिकाने हेही जाणावे, की याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका नटीने घंटेविना, पडद्याविना, उघड्या बोर्डावर आयुष्यभर नाटक केले.

योगिराज बागुलांनी विठाबाईंच्या आयुष्यावर ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे पुस्तक लिहून मोठे काम केले आहे. परंतु त्यांनी उभे केलेले वग, त्यातील त्यांची भाषणाची धाटणी, कोणत्या पदाला त्या कोणती हालचाल योजीत, हे टिपून ठेवण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते ज्यांना ठाऊक आहे असे ढोलकीवाले, सुरत्ये, सोंगाडे आता वृद्ध झाले आहेत. सोलापूरच्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हे मनावर घ्यावे. मोडनिंब, पंढरपूर, करमाळा या पट्ट्यात ध्वनिमुद्रक घेऊन हिंडणारा एखादा विद्यार्थी वर्षभरात जे जमवील, ते दहा वर्षांनी कोणासही मिळणार नाही. घराण्याची परंपरा विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी चालविली. त्यांच्या फडाने आईच्या नावाचा दबदबा पुढील पिढीच्या यात्रांतून टिकविला.

राज्य सरकारने २००६ पासून तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार विठाबाईंच्या नावे देण्यास आरंभ केला. पहिला पुरस्कार कांताबाई सातारकर यांना मिळाला. तुकाराम खेडकरांच्या फडातून नावारूपास आलेल्या कांताबाई म्हणजे विठाबाईंच्याच काळातील दुसरी बलाढ्य नटी. एकीच्या नावाचा सन्मान दुसरीने स्वीकारला. आणि त्या नंतर पंधरा वर्षे, २०२१ पर्यंत, हयात होत्या.